पावती घ्या, हिशोब द्या
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागल्या महिन्यात विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेची पोरं पावतीपुस्तक घेऊन आमच्या दारी आली. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलांची परीक्षा फी भरायची होती. स्कॉलरशिप उशिरा येते, फॉर्मची तारीख थांबत नाही. आम्ही गिरणी कामगार, वर्गणीला विटलेले. म्हटलं, "आधी हिशोब दाखवा." एका मुलीनं वही पुढं केली. त्यात चहाचे १० रुपयेसुद्धा लिहिलेले! आमची मान खाली गेली. आपल्या जयंतीच्या वर्गणीचा असा हिशोब आम्ही कधी ठेवला होता?

बंधू-भगिनींनो, १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी आपल्याकडं मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मासाठी मागितला. म्हणजे शंभरातले पाच. तो आपण दिला का?

निदान जयंतीच्या वर्गणीतले शंभराला पाच रुपये या मुलांना द्यावेत, पावती घ्यावी आणि दोन्ही हिशोब विहाराच्या फळ्यावर लावावेत. पहिली शंभराची पावती आमच्या नावानं फाडा.

जयभीम! नमो बुद्धाय!