सकाळच्या गोळीआधीचं रक्त



यकृत बदलण्यावर बोला म्हटलं की लोकांना ऑपरेशन ऐकायचं असतं. पोलिसांनी मोकळा केलेला रस्ता, बर्फाच्या पेटीतून निघालेलं यकृत, बापाने पोराला दिलेला तुकडा. ते ऐकण्यासारखं आहेच. पण ऑपरेशन मुंबई-पुण्याला होतं, दहा-बारा तासांत उरकतं. पेशंट दोन-तीन महिने तिकडे खोली घेऊन राहतो आणि मग गावी येतो. पुढची वीस वर्षं ते यकृत इथे, सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी सांभाळायचं असतं, आणि इथे ना सर्जन असतो, ना यकृताचा तज्ज्ञ. असते एक कॅप्सूल, सकाळी आणि संध्याकाळी. आज मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

दुसऱ्याचा अवयव शरीराला परका वाटतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर चालून जातात, त्यालाच आपण रिजेक्शन म्हणतो. या पेशींना थोपवणारं आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे टॅक्रोलिमस. 1984 साली जपानमध्ये त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतल्या एका जिवाणूत ते सापडलं. त्याच्याआधीचं सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या मातीतल्या बुरशीतून आलेलं. म्हणजे या शास्त्राचे दोन्ही खांब मातीतूनच निघाले. शेतकऱ्यांच्या तालुक्यात हे सांगायला मला बरं वाटतं, बाकी त्याचा पुढच्या बोलण्याशी संबंध नाही.

1989 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी टॅक्रोलिमस प्रथम माणसाला दिलं. 1963 मध्ये माणसाचं पहिलं यकृत प्रत्यारोपण करणारेही तेच. औषध विलक्षण निघालं, पण सुरुवातीचे डोस जड होते. पेशंटचे हात थरथरायला लागले, मूत्रपिंडं दुखावली, काहींना झटके आले. डोस कमी करावा तर रिजेक्शनची भीती. तारणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं. रक्तातली पातळी मोजायची गरज तिथून आली.

आता कुणी म्हणेल, डॉक्टरने दोन मिलिग्रॅम लिहिलं, मी दोन मिलिग्रॅम घेतलं, मग मोजायचं काय? अडचण अशी की गिळलेलं सगळं औषध रक्तात पोचत नाही. सरासरी पाव हिस्सा पोचतो. कुणाचा जेमतेम पाच टक्के, कुणाचा निम्म्याहून जास्त. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात ते तोडणारी विकरं असतात आणि ती प्रत्येकाला जन्मतः वेगवेगळ्या जोमाची मिळतात. त्यामुळे शेजारच्या पेशंटचा डोस बघून ‘मला एवढा जास्त का’ असं विचारण्यात अर्थ नाही. त्यात यकृताची गंमत आणखी वेगळी. ज्याला वाचवायचं तेच हे औषध मोडतं. नवं यकृत आजारी पडलं की औषध मोडेनासं होतं आणि त्याच डोसवर पातळी चढत जाते.

आणि मोजायचं किती, तर नॅनोग्रॅममध्ये. ग्रॅमचा अब्जावा भाग. मिलिलिटरला आठ नॅनोग्रॅम अशी पातळी असेल, तर अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून हे औषध भरतं एक मिलिग्रॅमच्या कॅप्सूलच्या पंचविसाव्या हिश्शाइतकं. सुरुवातीच्या महिन्यांत साधारण सहा ते दहा, पुढे घडी बसली की चार ते आठच्या आसपास ठेवतात. पण कुणासाठी किती, हे त्याच्या मूत्रपिंडांकडे, सोबतच्या औषधांकडे आणि ऑपरेशनला किती काळ झाला याकडे बघून ठरतं. तेव्हा इथे ऐकलेला आकडा घरी नेऊन रिपोर्टला लावू नका.

एवढी बारीक गोष्ट मोजणारं यंत्र मुंबईत असतं. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या लॅबमध्ये फक्त रक्त घेतात, जांभळ्या झाकणाच्या नळीत, आणि पुढे पाठवतात. लोकांना वाटतं, एवढ्या लांब जाईपर्यंत रक्त खराब होत असेल. तसं नाही. हे औषध तांबड्या पेशींना चिकटून राहतं. म्हणून ही तपासणी सीरमवर नाही, सबंध रक्तावर करतात, आणि नीट ठेवलेला नमुना प्रवासाचे दिवस चांगला टिकतो. परभणी ते मुंबई हे अंतर आडवं येत नाही. आडवी येते ती रक्त घ्यायची वेळ.

गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत पातळी शिखरावर जाते आणि मग उतरत राहते. डॉक्टरांना हवी असते तळाची पातळी, म्हणजे पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीची. रात्री आठला गोळी, सकाळी आठला रक्त, रक्त दिल्यावर गोळी. आता समजा, लॅबचं शटर नऊला उघडतं. माणूस शिस्तीचा, त्याने आठला गोळी घेतली आणि साडेनऊला रक्त दिलं. रिपोर्ट येतो अठरा. तिकडे फोनवर रिपोर्ट बघून डॉक्टर डोस निम्मा करतात, कारण कागदावर वेळ कुणी लिहिलेलीच नसते. खरी पातळी सात होती, ती आता तीन-चारवर येते. काही दिवस काहीच जाणवत नाही. रिजेक्शन सुरुवातीला दुखत नाही, तापही येईलच असं नाही. मग कधीतरी यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेलं दिसतं. यात औषध चुकलं नाही, यंत्र चुकलं नाही, पेशंटने तर गोळी वेळेवर घेतली!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की या सबंध साखळीत सगळ्यांत मोलाचं काम शिकलेल्या माणसाकडे नाही. ते घरच्या माणसाकडे आहे. शेवटची गोळी किती वाजता, रक्त किती वाजता, हे फॉर्मवर लिहून घेण्याचं. लॅब नऊला उघडत असेल तर आदल्या रात्रीची गोळी नऊला घ्यायला चालेल का, हे आधी फोन करून विचारायचं. मधली एखादी गोळी राहिली असेल तर तेही सांगायचं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली एक गोळी चांगल्या आकड्याची माती करते. लॅबही शक्यतो बदलू नये. मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि एका पद्धतीत औषधाचे तुटलेले तुकडेही मोजले जाऊन आकडा थोडा फुगतो.

मग पातळी हलवणाऱ्या गोष्टी. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, रक्तदाबावरचं डिल्टियाझेम यांनी ती चढते. फिटच्या फेनिटोइनने उतरते. सगळ्यांत जास्त पाडतं ते टीबीचं रिफाम्पिसिन, इतकं की डोस कित्येक पट वाढवूनही पातळी सापडत नाही. आपल्याकडे टीबी घरोघर ऐकू येतो, म्हणून हे लक्षात ठेवा: टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन गेला पाहिजे. जुलाब लागले तर पातळी घसरेल असं आपल्याला वाटतं, पण बहुधा उलट होतं. आतड्याची भिंत दुखावते, तिथलं औषध मोडायचं काम मंदावतं आणि पातळी चढते. पपनस खाऊ नये. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणू नये. त्याने पातळी हलणार नाही, पण टॅक्रोलिमसने आधीच दमलेल्या मूत्रपिंडांवर घाव बसतो. ब्रँड बदलायची वेळ आली तर बदलल्यावर पातळी पुन्हा बघायची. आणि एकादशी असो की रोजा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीची वेळ हलवायची नाही.

गुळवेलीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण करोनाच्या काळात तिचा काढा गावोगाव झाला. मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली, आणि ती इजा शरीर स्वतःच्याच यकृतावर उठावं तशी दिसत होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद चालू द्या. पण ज्याची प्रतिकारशक्ती आपण मोजून-मापून दाबून ठेवली आहे, त्याला ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काही पाजणं म्हणजे काय, याचा विचार करायला कुणाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. काढा घेऊन येणारी मावशी प्रेमानेच येते. तिला नाही म्हणणं डॉक्टरला नाही म्हणण्यापेक्षा अवघड असतं, हे मला कळतं.

एक चिठ्ठी आली आहे: गोळी जन्मभर घ्यावी लागते का? बहुतेकांना हो. मात्र यकृत हा सगळ्या अवयवांत समजूतदार. 1969 मध्ये इंग्लंडमध्ये रॉय काल्न यांनी दाखवलं, की डुकरांत बदललेलं यकृत काही वेळा औषधाशिवायही तगतं. माणसांतही, अनेक वर्षं झालेल्या आणि निवडून घेतलेल्या पेशंटपैकी काहींची औषधं हळूहळू बंद करता आली आहेत. साधारण पाचांत एकाची. पण ते प्रयोग होते, वारंवार रक्त तपासून, यकृताचा तुकडा काढून बघत, रुग्णालयाच्या देखरेखीत केलेले. बाकीच्या चौघांची औषधं परत सुरू करावी लागली. चिठ्ठी पाठवणाऱ्याने खाली विचारलं आहे, की एकदा महिनाभर बंद करून बघू का. नको. उद्या सकाळी गोळीच्या आधी रक्त द्या, आणि फॉर्मवर वेळ लिहून घ्या.