गोळी फोनवरून

मार्च २०२० च्या टाळेबंदीत इंग्लंडने मुभा दिली: दहा आठवडे व्हायच्या आत दवाखान्याला फोन करायचा, गर्भपाताच्या गोळ्या घरपोच. २०२२ पासून ती कायमची झाली.

आपल्याकडे या गोळ्या डॉक्टरांनीच द्यायच्या, नऊ आठवड्यांच्या आत. पण नवरा मेडिकलमधून पाकीट आणतो नि बाई गुपचूप घेते. आम्हाला सलतं ते हे, की तिथे फोनवर का होईना, शेवटची पाळी कधी आली, एका कुशीत दुखतं का, असं कुणी विचारतं तरी. इथे कोण विचारणार?

सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, तर दवाखाना गाठाच. लाजू नका. आणि गर्भपातासाठी सही अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची पुरते. नवऱ्याची लागत नाही.