जुन्या लष्करी जीपचे मूळपण



जुनी लष्करी वाहने जपण्याच्या छंदात सर्वाधिक महत्त्व असते ते मूळपणाला, म्हणजे वाहन ज्या स्वरूपात कारखान्यातून बाहेर पडले, ते स्वरूप टिकवण्याला.

दुसऱ्या महायुद्धातील जीप हे या छंदातील सर्वांत परिचित वाहन होय.

विलीस आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी ती जवळपास एकाच आराखड्यावर बनवली. मात्र फोर्डने आपल्या अनेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर उमटवल्यामुळे जाणकारांना दोन्ही जीपमधील फरक आजही ओळखता येतो.

भारतात महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली.

पुढे अनेक जुन्या जीपना डिझेल इंजिने बसवली गेली. अशी जीप वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल शहाणपणाचाच होता, पण मूळ पेट्रोल इंजिन शोधताना आज संग्राहकांची कसोटी लागते.

इंजिन मिळाले, तरी वाहन फार काळ उभे ठेवता येत नाही, कारण टाकीतील पेट्रोल जुने झाले की त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागात, साचतो.

थोडक्यात, श्रोतेहो, चकाकीपेक्षा मूळपण मोठे.

असे मूळपण पाहायचे असल्यास अहिल्यानगर येथे १९९४ मध्ये स्थापन झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तेथे रोल्स रॉइसची चिलखती मोटार आणि भारतीय सैन्याने हस्तगत केलेला पाकिस्तानी पॅटन रणगाडा जवळून पाहता येतो.