चार जोड्यांचा करार

चाकणच्या मोटार-कारखान्यांत आज यंत्रमानव गाड्यांचे सांगाडे सांधतात. त्यांना आज्ञा पोंचविणारी वस्तु म्हणजे बोटाहून बारीक अशी एक केबल. तिच्यांत तांब्याच्या आठ तारा असतात आणि दोन दोन तारांना पीळ घालून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. या साध्या वस्तूमागें जगांतील कारखानदारांनीं स्वखुषीनें पाळलेला एक करार आहे. त्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

या पद्धतीचें नांव इथरनेट. १९७३ सालीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं ती योजिली. १९८३ सालीं आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनें तिचें प्रमाण ठरविलें. तेव्हां केबल जाड असे आणि वेग सेकंदाला १ कोटि बिटांचा होता. १९९० मध्यें तोच वेग पीळदार तारांवर आला. १९९९ मध्यें चार जोड्यांतून त्याच्या १०० पट वेगाचें प्रमाण मान्य झालें.

आतां, पीळ कशाला? शेजारीं वेल्डिंगचें यंत्र चालूं असलें कीं तारांत नको असलेला विद्युत्क्षोभ उत्पन्न होतो. पिळामुळें तो जोडीच्या दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच उतरतो. संदेश घेणारें यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा वाचतें. म्हणून तो क्षोभ वजा होऊन जातो.

प्रमाण सांगतें कीं, तारा निव्वळ तांब्याच्या असाव्यात, एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी १०० मीटरच्या आंत असावी, आणि टोंकाशीं पीळ सुमारें १३ मिलिमीटरहून अधिक उकलूं नये. अंतर अधिक असेल, तर मध्यें स्विच बसवावा किंवा कांचतंतु वापरावा.

खरी गोम ही कीं, हे नियम मोडले तरी केबल बहुधा ‘चालते’. दिवा लागतो, बिल मंजूर होतें. पण बिघडलेले संदेश टाकून द्यावे लागतात व पुन्हां पाठवावे लागतात. कचेरींत पत्र क्षणभर उशिरां पोंचलें तर कोणाचें अडत नाहीं. कारखान्यांत मात्र नियंत्रकाचा निरोप ठरल्या क्षणीं आला नाहीं, तर सुरक्षिततेसाठीं यंत्र थांबतें, आणि त्याच्यामागें सारी रांग.

केबल करण्याचा धंदा या भागास नवा नाहीं. १९५८ सालीं स्थापन झालेल्या फिनोलेक्स केबल्सचा कारखाना पिंपरीसच आहे. परंतु कारखान्यानें कितीहि चोख पीळ घातला, तरी टोंकाशीं तो राखणें जोडाऱ्याच्या हातीं असतें. त्याचें काम भिंतींत आणि छतांत झांकून जातें. म्हणून तेथेंच काटकसर होते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते. पण तिचा विद्युत्-विरोध अधिक असल्यामुळें, तिच्यांतूनच कॅमेऱ्याला वीज पुरविली, तर ती अधिक तापते.

घरीं तारा टाकून घेतांनाहि हेंच ध्यानांत ठेवावें. एक जोडी तुटली असतां वेग पुष्कळदां दशांशावर येतो आणि दिवा तसाच लुकलुकत राहतो. तेव्हां दिव्यावर न विसंबतां, भिंत लिंपण्यापूर्वीं चारहि जोड्या परीक्षायंत्रावर तपासून घ्याव्यात. करार जगानें केला आहे. तो पाळला गेला कीं नाहीं, हें पाहणें आपल्याकडे आहे.