साडेअठ्ठावीस तासांचा वाढदिवस

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या शाळेतला वाढदिवस आठवतोय? त्या दिवशी गणवेशाला सुट्टी, अंगावर रंगीत फ्रॉक आणि हातात लिमलेटच्या गोळ्यांची पिशवी. वर्गात वाटून झालं की बाकीच्या वर्गांवरच्या बाईंना आणि सरांना गोळ्या द्यायला एका मैत्रिणीला सोबत नेता यायचं. ती एक कोण, यावरून किती रुसवेफुगवे व्हायचे! समोर बसलेल्या काहीजणी अजून रुसलेल्या असतील, तर आज माफ करा.

गेली बारा वर्षं मी जर्मनीत, श्टुटगार्टला राहते. सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथेही वाढदिवसाचं मूल वर्गासाठी केक घेऊन जातं, आपल्या गोळ्यांसारखंच. घरच्या पार्टीचा शिरस्ता मात्र निराळा. जितकावा वाढदिवस, साधारण तितकीच मुलं बोलवायची. आमंत्रणावर ‘तीन ते सहा’ अशी वेळ लिहायची. आईवडील मुलाला दारात सोडून जातात आणि सहाला न्यायला येतात. डोळे बांधून, हातात लाकडी डाव घेऊन रांगत पालथं पातेलं शोधायचं, त्याखाली खाऊ ठेवलेला असतो. सुरुवातीला मला हे सगळं फार मोजूनमापून वाटायचं. आमच्या वाड्यात कुणाला बोलवावं लागत नसे, पोरं आपोआप जमत.

तिथली आणखी एक समजूत म्हणजे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत. उशिरा दिल्या तर चालतं, आधी दिल्या तर अशुभ. हे मला ऑफिसात पहिल्याच वर्षी कळलं होतं. आईला सांगायचं तेवढं राहून गेलं.

माझ्या मुलाचा वाढदिवस २० नोव्हेंबरला असतो. आठव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी साडेसातला आम्ही जेवत होतो. फोन वाजला. इकडे रात्रीचे बारा वाजले होते. आई जागी राहिली होती. तबकात निरांजन लावून, नातवाला स्क्रीनवरूनच ओवाळायला सज्ज. तिनं शुभेच्छा दिल्या आणि हा कानांवर हात ठेवून ओरडला, “आजी, आज नाही! आज बोललं की वाईट होतं!”

आई क्षणभर गप्प झाली. “बरं बाळा,” म्हणाली आणि फोन ठेवला. मी पाहुण्यांच्या खाऊच्या पिशव्या भरत बसले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही. पार्टीच्या गडबडीत माझ्या ते लक्षातही आलं नाही. सहाला आठही मुलं गेली, तेव्हा मुलानंच विचारलं, “आजी का नाही बोलली?”

मी फोन लावला. इकडे साडेदहा वाजून गेले होते. आई जागीच होती. म्हणाली, “अगं, माझ्या तोंडून लेकराला अपशकुन झाला ना? म्हणून दिवसभर फोनला हात लावला नाही. देवापाशी दिवा लावून बसले.”

मित्रमैत्रिणींनो, दोन देशांच्या तारखा आणि वेळा जुळवणं हे माझं रोजचं काम आहे. त्याचा मला पगार मिळतो. आणि घरातला हा साधा घोळ मी सोडवला नव्हता. चूक आईची नव्हती, मुलाचीही नव्हती. दोघांच्या मध्ये मी होते आणि मी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री आईला ती समजूत नीट सांगितली. ती हसली. “म्हणजे आपल्यासारखंच की! बाळ जन्मायच्या आधी आपण तरी कुठे कपडे आणतो?”

मग मुलाला घेऊन बसले. भूगोलाच्या बाईंनी आपल्याला शिकवलं होतं, तसंच, एक मोसंबं आणि बॅटरी घेऊन. एका रेखांशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, जर्मनीची पंधराची. फरक साडेसदुसष्ट. गुणिले चार, दोनशे सत्तर मिनिटं, म्हणजे साडेचार तास. आजीकडे तेव्हा वीस तारीख लागलेली होती, ती आधी बोललीच नव्हती. त्यानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, “म्हणजे माझा वाढदिवस साडेअठ्ठावीस तासांचा!”

तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. १९ तारखेला साडेसातला आजी फोनवर नुसतं निरांजन दाखवते, बोलत काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी साडेसहाला, म्हणजे इकडे अकराला, तो पाटावर बसतो. मी ओवाळते आणि आई इकडून “औक्षवंत हो” म्हणते.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. तो रेखांशांचा धडा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. आमच्या घरात तो उपयोगी पडला, हे तुम्हाला सांगायचं होतं. म्हणून आज बोलायला उभी राहिले.

जाताना दाराशी लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या आहेत. सगळ्यांनी घ्या. मोजून आणलेल्या नाहीत.