अंगठीतील पोवळे आणि सागरातील जीव



आपल्या गुजरीत पोवळ्याची अंगठी सहज मिळते. मंगळाच्या शांतीसाठी आपल्यापैकीही काही जण ती धारण करतात. हे पोवळे येते कोठून, याचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्या शास्त्रांनी प्रवाळाची गणना पृथ्वीकायिक जीवांत केली आहे. विज्ञानाच्या मते तो सूक्ष्म प्राण्यांच्या समूहाने घडविलेला सांगाडा होय. वर्गीकरण भिन्न असले, तरी तेथे जीव आहे याविषयी मतभेद नाही. भूमध्य समुद्रातील मंद प्रकाशाच्या कपारींत वाढणाऱ्या तांबड्या पोवळ्याची जाडी वर्षाला १ मिलीमीटरही वाढत नाही. अंगठीतील खड्यामागे कित्येक वर्षांचे जीवन असते. ते तोडण्यास क्षण पुरतो.

प्रवाळ आपल्या कोकणासमोरही आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे 'आंग्रिया बँक' हे बुडालेले पठार आहे. तेथील प्रवाळांच्या आश्रयाने असंख्य जलचर जगतात. त्यांना धोका आहे तो मासेमारीच्या जाळ्यांचा आणि नांगरांचा. राज्याची सागरी हद्द सुमारे २२ किलोमीटरवर संपते. म्हणून त्यांच्या रक्षणाचा भार केंद्र शासनावर येतो. त्यासाठी आपल्या संस्थेने निवेदन पाठवावे.

कंदमुळांचा त्याग आपण करतोच. त्यात पोवळ्याची भर घालावी. सराफ बांधवांना हे जड जाईल, याची जाणीव आहे. परंतु व्रताची कसोटी लागते ती आपल्या लाभाशी गाठ पडते तेव्हाच.

जयजिनेंद्र.