वकिलीची पूर्वतयारी

बारावीच्या अभ्यासाबरोबरच आज कित्येक घरांतून कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचीही तयारी चाललेली असते. राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठीं २००८ सालीं सुरू झालेल्या ‘क्लॅट’ परीक्षेंत १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवावयाचे असतात. चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागें पाव गुण वजा होतो. तेथें घोकंपट्टी फारशी कामास येत नाहीं. मोठे उतारे झपाट्यानें वाचून त्यांतील नेमका मुद्दा हेरावा लागतो. यासाठीं रोज एक अग्रलेख वाचून त्याचें सार चार वाक्यांत लिहावें, हा उत्तम अभ्यास.

परंतु ही परीक्षा दोन तासांची. धंद्याची परीक्षा कित्येक वर्षें चालते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२३ सालीं मुंबईस वकिली आरंभिली. अशा विद्वानासही पहिल्या वर्षांत पुरेसे पक्षकार मिळेनात. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेंत ते व्यापारी कायदा शिकवूं लागले. मग इतरांची काय कथा?

शहरांतील नवोदित वकिलास दरमहा २०,००० रुपये मिळावे, असें भारतीय बार कौन्सिलनें २०२४ सालीं सुचविलें. पण ती केवळ शिफारस होती. न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठींही सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरविली.

तेव्हां, श्रोतेहो, अर्ज भरण्यापूर्वीं मुलाची किंवा मुलीची बुद्धीच तेवढी पाहूं नये. पदवीनंतर चार वर्षें घराला धीर धरवेल काय, हेंही पाहावें. मुलांनींही एक दिवस जिल्हा न्यायालयांत बसून, तारखांसाठीं ताटकळणारे पक्षकार डोळ्यांनीं पाहावे. त्यानंतरही ओढ टिकली, तर अर्ज खुशाल भरावा.